खेळाडूचा करार म्हणजे नुसता पगार आणि वर्षं? (गोव्यातल्या फुटबॉलवरचा मॅनेजर गेम, मदत हवी आहे)

अर्धवेळ_कोडर (फोंडा)

नमस्कार मंडळी. आम्ही तिघे मित्र मिळून एक फुटबॉल मॅनेजर गेम करतोय. गोव्यातला एखादा क्लब हातात घ्यायचा, स्थानिक लीगपासून वर चढवायचा. सगळं मजकुरात, थ्रीडी वगैरे काही नाही. सामन्याचं इंजिन बऱ्यापैकी बसलंय. घोडं अडलंय ते करारावर.

आत्तापर्यंत करार म्हणजे दोनच आकडे होते: महिन्याचा पगार आणि किती वर्षं. टेस्टिंगला दिल्याबरोबर सगळ्यांनी एकच युक्ती शोधली. सोळा-सतरा वर्षांची वीस-पंचवीस पोरं सात-आठ वर्षांच्या करारावर कवडीमोलाने उचलायची, संघात घ्यायचीच नाहीत, आणि त्यातली दोन-तीन चमकली की विकायची. बाकीची सडली तरी गेमला काही वाटत नाही, आणि पोरांनाही नाही.

मग फिफाची खेळाडू-ट्रान्स्फरची नियमावली वाचायला घेतली. कलम १८ प्रमाणे करार कमीत कमी चालू हंगामाच्या अखेरपर्यंत असावा लागतो, जास्तीत जास्त ५ वर्षं (त्याहून मोठा फक्त देशाच्या कायद्यात बसत असेल तर). १८ वर्षांखालच्या खेळाडूला ३ वर्षांहून मोठा करार देता येत नाही. करार संपायला ६ महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी करार करायला मोकळा. आणि मेडिकल पास होण्यावर किंवा वर्क परमिट मिळण्यावर झालेला करार टांगून ठेवता येत नाही, म्हणजे तपासणी सहीच्या आधी उरकायची. हे सगळं घातलंय. सहा महिन्यांचा नियम तर आपल्या डोळ्यांसमोरचा आहे: ब्रँडन फर्नांडिस २०२४ मध्ये एफसी गोवाशी करार संपल्यावर मुंबई सिटीत गेला, ट्रान्स्फर फी शून्य. गेममध्ये हे होतं तेव्हा खेळणारे चिडून मेल करतात, म्हणजे बरोबर चाललंय.

नियम घालणं सोपं निघालं. अवघड आहे तो समोर बसलेला खेळाडू. सही करताना तो नेमकी कशाशी तुलना करतो? आत्ता फक्त दुसऱ्या क्लबच्या आकड्याशी करतो, आणि गोव्यात तसं घडत नाही एवढं मला कळतं. पुढचं तुम्ही सांगा. शिव्याही चालतील, पण कारणासकट.

---

टेस्टर_नं_दोन (म्हापसा)

ती युक्ती काढणारा पहिला मी, तेव्हा शिव्या माझ्या नावावर टाका. :)

नव्या बिल्डमध्येही (गेमच्या नव्या आवृत्तीत) ती चालते. सतराव्या वर्षी ३ वर्षांचा करार, अठरा पूर्ण झाले की लगेच नवा ५ वर्षांचा, पगारात दोन हजारांची वाढ. पोरगा हसत सही करतो. तेविसाव्या वर्षापर्यंत माझा. तुमच्या कलम १८ ने माझं एक क्लिक वाढलं, एवढंच.

माझ्या मते पोराने निदान एकदा विचारायला हवं, 'मला खेळवणार किती?' आज तुमच्या गेममध्ये एकही खेळाडू हे विचारत नाही. नऊ वर्षं बाकावर बसलेला गोलकीपर माझ्याकडे आहे, त्याचं मनोधैर्य 'उत्तम'.

---

कलम_सतरा (पणजी)

'खेळवणार किती' याला नियमावलीतच जागा आहे. कलम १५ प्रमाणे, एखादा प्रस्थापित व्यावसायिक खेळाडू हंगामात क्लबच्या अधिकृत सामन्यांपैकी १० टक्क्यांहून कमी सामन्यांत उतरला असेल, तर शेवटच्या अधिकृत सामन्यानंतर १५ दिवसांच्या आत तो करार मोडू शकतो. बंदी वगैरे काही नाही, भरपाई मात्र ठरू शकते. तुमचा तो गोलकीपर पहिल्याच वर्षी गेला असता. सतरा वर्षांची पोरं प्रस्थापित नसतात, त्यामुळे तुमची साठेबाजी या कलमात सापडत नाही, हेही सांगून ठेवतो.

कोडरबाब, त्याहून मोठी उणीव दुसरीकडे आहे. पगार थकला की तुमचा गेम 'मनोधैर्य उणे पाच' करतो आणि पुढे जातो. खऱ्या नियमात (कलम १४ बिस) क्लबने निदान दोन महिन्यांचे पगार थकवले, की खेळाडूने लेखी नोटीस द्यायची, किमान १५ दिवसांची मुदत द्यायची, आणि मुदतीत पैसे आले नाहीत तर करार मोडायचा, वर भरपाई मागायची. गेमसाठी याहून चांगलं घड्याळ कुठे मिळणार? नोटीस आली आहे, पंधरा दिवस आहेत, मधल्या शनिवारी डर्बी (शेजारच्या क्लबशी लढत) आहे, तिकिटांचे पैसे येतील की नाही माहीत नाही.

आता माझं नाव ज्या कलमावरून आहे ते. कारणाशिवाय करार मोडला तर भरपाई. शिवाय संरक्षित काळ असतो: २८ वर्षांचा होण्याआधी केलेल्या करारात पहिले ३ हंगाम किंवा ३ वर्षं, त्यानंतर केलेल्या करारात २. त्या काळात मोडला तर खेळाडूला बंदी आणि फूस लावणाऱ्या नव्या क्लबला दोन विंडो (खेळाडू नोंदवायचे ठरावीक काळ) नोंदणीबंदी. भरपाई मोजण्याच्या पद्धतीवर मात्र वाद झाला. फ्रेंच खेळाडू लास्साना दियाराच्या प्रकरणात ४ ऑक्टोबर २०२४ ला युरोपियन युनियनच्या न्यायालयाने या नियमांतला काही भाग तिथल्या कायद्याशी विसंगत ठरवला, आणि फिफाला मजकूर बदलावा लागला. तेव्हा सूत्र कोडमध्ये खिळून टाकू नका, बाहेरच्या फाइलीत ठेवा.

---

टेस्टर_नं_दोन

घड्याळ भारी आहे. पण मी चौदाव्या दिवशी एका महिन्याचा पगार देऊन मोकळा होईन. मग थकीत एकच महिना.

कलम_सतरा

नाही चालणार. नोटिशीतली सगळी थकबाकी मुदतीत द्यावी लागते. असा डाव टाकणारे तुम्ही पहिले नव्हे.

---

साइडबेंच (मडगाव)

कायद्याचं वाचून बरं वाटलं. आता मैदानावरचं ऐका. मी बरीच वर्षं एका स्थानिक क्लबच्या कामात होतो, नाव सांगत नाही.

आमच्या पातळीवर करार म्हणजे एका हंगामाचा कागद. पावसाळ्यात पगार नाही. सराव सकाळी सहाला, कारण निम्म्या संघाला नऊ-साडेनऊला कामावर जायचं असे. कोणी बंदरात, कोणी पोलिसात, कोणी बँकेत. पोराचा बाप बोलायला यायचा तेव्हा पगार किती हे तो शेवटी विचारायचा. आधी विचारायचा, 'नोकरीचं काय?' क्लबच्या ओळखीने कुठे चिकटवता येईल का, हाच खरा करार होता. बूट, स्कूटरचं पेट्रोल, सामन्याच्या दिवशीचं जेवण, हे सगळं तोंडी. तोंडी असलं तरी मोडलं तर गावात बोभाटा व्हायचा.

आणि मालकाचं काय? तुमच्या गेममध्ये मालक म्हणजे दरवर्षी पैसे ओतणारा नळ दिसतो. गोव्याचा इतिहास बघा की. धेंपोने पाच वेळा देश जिंकला: राष्ट्रीय लीग २००४-०५ आणि २००६-०७, मग आय-लीग २००७-०८, २००९-१०, २०११-१२. साळगावकर १९९८-९९ आणि २०१०-११. चर्चिल ब्रदर्स २००८-०९ आणि २०१२-१३. २००७-०८ ते २०१२-१३ या सहा हंगामांतली सहाही विजेतेपदं गोव्यात. पोराला चांगला करार हवा असेल तर घरून जेवून मैदानावर जाता येत होतं.

मग २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या, आणि क्लबमालकांचा बराच पैसा खाणींतलाच. २०१४ ला आयएसएल (इंडियन सुपर लीग) आली, त्याच वर्षी चर्चिलला परवान्याच्या निकषांवर आय-लीगबाहेर ठेवलं. २०१५ ला धेंपो, पाच वेळचा विजेता, खालच्या लीगमध्ये उतरला. २०१६ ला खालची लीग जिंकून परत वर यायचा हक्क मिळवला, आणि त्याच वर्षी धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग तिघांनीही आय-लीगमधून अंग काढून घेतलं. त्याला कारण एकट्या खाणी नव्हत्या, आयएसएलला वर बसवण्याच्या आराखड्याविरुद्धचा तो निषेध होता. पण ज्या पोराच्या हातात तीन वर्षांचा कागद होता त्याला कारणाशी काय? गेममध्ये हे येऊ द्या: खेळाडू चांगला, करार चालू, आणि क्लबच पाय मागे घेतो.

---

अर्धवेळ_कोडर

साइडबेंच सर, मालकाच्या धंद्याला धक्का बसण्याची घटना घालतो. नोकरीचं कसं घालायचं ते कळत नाही. क्लबच्या हातात नोकऱ्या दिल्या तर खेळणारे त्याचा कारखाना करतील.

---

तारवटी (सध्या जहाजावर)

नेट मिळालंय तोवर लिहितो. मी लेफ्ट बॅक होतो, स्थानिक लीगमधला, मोठा कोणी नव्हे.

पुढच्या हंगामासाठी क्लबने आकडा वाढवून दिला होता. वाईट नव्हता. मी सही केली नाही. सेक्रेटरीला वाटलं दुसऱ्या क्लबने फोडला, त्याने दोन-तीन क्लबांत चौकशीसुद्धा केली. मी मुंबईला कोर्स करायला गेलो होतो. जहाजावर राहणं-खाणं कंपनीचं, पगार डॉलरात, आणि घरी पाठवलेले पैसे महिन्याच्या महिन्याला बँकेत. गुडघा फिरला की लेफ्ट बॅक संपतो, हाउसकीपिंगवाला बहुतेक वेळा संपत नाही. घरात चुलतभाऊ, मामा, शेजारी सगळे तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारे, त्यामुळे विचारायला लांब जावं लागलं नाही.

कोडरबाब, तुमचा गेम मला कोणत्या क्लबने नेलं ते शोधत बसेल. कोणीच नेलं नाही. हे जमवून दाखवा.

एक खूण सांगतो, फुकट. पोरगा सुरक्षा प्रशिक्षणाचा कोर्स करायला गेला, सीडीसी (जहाजावरच्या नोकरीला लागणारं ओळखपुस्तक) काढायला टाकली, की तो निम्मा गेला समजा. हे क्लबला कळतं, कारण चार दिवस सरावाला येत नाही आणि मित्र बोलतात. त्या आठवड्यात कोणी घरी येऊन दोन वर्षांचा कागद समोर ठेवला असता तर मी कदाचित थांबलो असतो. महिन्याने ठेवला, तोवर जॉइनिंगची तारीख आली होती.

---

टेस्टर_नं_दोन

हे गेममध्ये हवंच. बातम्यांच्या रकान्यात एक ओळ: 'लेफ्ट बॅक मंगळवारी सरावाला आला नाही. मुंबईला गेल्याचं कळतं.' बस. पुढे मॅनेजरने ओळखायचं.

---

सत्तरीकर (वाळपई)

थांबा. तारवटी हे बरंचसं सासष्टीचं चित्र आहे. आमच्या सत्तरी-डिचोलीकडे जहाज फार कमी घरांत. आमच्याकडे दोन वाटा: सरकारी नोकरी, नाहीतर खाणीवरचा ट्रक. खाणी चालू होत्या तेव्हा लोकांनी कर्ज काढून टिपर घेतले, आणि २०१२ ला आणि पुन्हा २०१८ ला ते दारात उभे राहिले. म्हणजे आमच्या पोराचा फुटबॉलबाहेरचा पर्यायही क्लबच्याच पैशाबरोबर कोसळला. मडगावच्या पोराचा नाही कोसळला. तालुक्यागणिक वेगळं करा, नाहीतर सगळे गोवेकर एका साच्यातले निघतील आणि आम्हाला आणखी एक 'सुशेगाद' विनोद ऐकावा लागेल.

शिवाय आमची पोरं क्रिकेट खेळतात. तिकडचा गेम कधी?

टेस्टर_नं_दोन

क्रिकेटचं नको रे. यशस्वी जयस्वालने २०२५ मध्ये मुंबई सोडून गोव्याकडून खेळायला एनओसी मागितली, मिळाली, आणि महिन्याभरात 'मागे घेतो' म्हणाला. हे कोड करायला बसलो तर तीन वर्षं जातील.

---

पेरोलवाली (डिचोली)

माझं काम पगारपत्रकांचं. माणूस नोकरी का सोडतो हे बघणं त्यातच आलं. फुटबॉल नवऱ्यामुळे कळतो, जेवढा कळतो तेवढा.

तुम्ही सगळे 'पर्याय' हा एक आकडा समजताय. तसा तो नसतो. त्याला तारीख असते. खात्याची भरतीची जाहिरात आपल्या सोयीने येत नाही. आली तेव्हा वयाची अट ओलांडलेली असली की दार बंद. एकोणिसाव्या वर्षी पोरगा जाहिरात सोडून देतो, चोविसाव्या वर्षी नाही सोडत. घरात लग्नाचं बोलणं सुरू झालं असेल तर मुळीच नाही. त्यामुळे प्रत्येक खेळाडूला दरवर्षी थोड्या थोड्या शक्यतेने एक पर्याय समोर येऊ द्या, आणि तो ठरावीक आठवड्यांनी नाहीसा होऊ द्या. क्लबने त्या आठवड्यांत हालचाल केली तर वाचला. तारवटींनी हेच सांगितलं.

आता हिशेब. समजा बावीस वर्षांचा लेफ्ट बॅक. क्लब देतोय महिना ३५ हजार, पण १० महिनेच, म्हणजे वर्षाला ३ लाख ५० हजार. नोकरी देते महिना २८ हजार, १२ महिने, म्हणजे ३ लाख ३६ हजार. तुमचा गेम म्हणेल क्लब जिंकला. पण याच क्लबने गेल्या हंगामात दोनदा पगार उशिरा दिला असेल, तर पोरगा मनातल्या मनात पाचातला एक भाग कापून टाकतो. राहिले २ लाख ८० हजार. तो गेला, आणि तुम्हाला कळणारही नाही का गेला.

म्हणून माझी एकच मागणी: क्लबला 'पत' नावाचा आकडा द्या. पगार तारखेला दिला की इवलासा वाढतो, चुकला की धाडकन पडतो, आणि परत चढायला दोन हंगाम लागतात. पत असलेल्या क्लबकडे खेळाडू कमी पैशांत येईल. पत नसलेल्याने दुप्पट आकडा दाखवला तरी बाप विचारेल, 'आगाऊ किती?' मनोधैर्याचे तुमचे तीनशे नियम त्यापुढे कमी महत्त्वाचे आहेत असं माझं मत.

---

साइडबेंच

बाई लाख बोलल्या. आमच्याकडे एक क्लब होता, पगार कमी पण पाच तारीख म्हणजे पाच तारीख. तिथून पोरगा काढणं महाकठीण.

---

अर्धवेळ_कोडर

पेरोलवाली ताई, हे आजच लिहून काढतो. नोकरीचा प्रश्नही सुटला: क्लब नोकरी देत नाही, नोकरी बाहेरून येते, क्लब फक्त सरावाची वेळ बदलू शकतो. सकाळी सहाचा सराव ठेवला तर नोकरीवाला खेळाडू राहतो, पण दिवसातून दोनदा सराव घेता येत नाही, म्हणून फिटनेसची वाढ हळू. वरच्या लीगमध्ये गेलात की हे जमणार नाही आणि अर्धा संघ सोडावा लागेल. चढतीची किंमत आपोआप आली.

पोर्तुगीज पासपोर्टचं काय करू? तो पर्यायात धरायचा का?

---

कलम_सतरा

धरायचा, आणि नीट धरायचा. १९ डिसेंबर १९६१ आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वावर दावा सांगता येतो. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. त्यामुळे ते घेतलेला खेळाडू गेममध्ये एका क्षणात परदेशी होतो: राष्ट्रीय संघ बंद, आणि तुमच्याच क्लबमध्ये राहिला तर परदेशी खेळाडूंची एक जागा खातो. आयएसएलमध्ये २०२१-२२ पासून एका वेळी मैदानावर चारच परदेशी. फातोर्ड्यात वाढलेला पोरगा स्पॅनिश मिडफिल्डरच्या जागेवर! कोणता मॅनेजर ठेवेल?

आणि तारीख पाळा. ब्रेक्झिटचा संक्रमणकाळ ३१ डिसेंबर २०२० ला संपला. तोवर त्या पासपोर्टवर लंडन-स्विंडनला सरळ जाऊन कामाला लागता येत होतं, नंतर नाही. युरोपियन युनियनमधले देश अजून खुले आहेत. गेम २०१५ पासून सुरू केला तर या पर्यायाचं वजन २०२१ ला कमी व्हायला हवं.

---

टेस्टर_नं_दोन

लोनबद्दल (खेळाडू दुसऱ्या क्लबला काही काळ उसना देणं) कोणीच बोलत नाही. आत्ता मी पोरं चार-चार वर्षांच्या लोनवर देतो. पगार समोरचा भरतो, मालकी माझी.

कलम_सतरा

फिफाने जुलै २०२२ पासून लोन एका वर्षापुरतं मर्यादित केलं, लोनवरच्या खेळाडूला पुढे तिसऱ्याकडे लोनवर देणंही बंद. देशांतर्गत नियम बदलायला संघटनांना तीन वर्षांची मुदत होती. लांब लोनमुळे काय होतं ते बचावपटू अन्वर अलीच्या प्रकरणात दिसलं. एफसी गोवाकडे तो दिल्ली एफसीकडून लोनवरच होता. मग मोहन बागानकडे चार वर्षांच्या लोनवर गेला, आणि २०२४ मध्ये तो करार मोडून ईस्ट बंगालकडे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या समितीने त्या सप्टेंबरात १२ कोटी ९० लाखांची भरपाई, खेळाडूला चार महिने बंदी आणि ईस्ट बंगाल व दिल्ली एफसीला दोन विंडो नोंदणीबंदी सुनावली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि तो आदेश मागे घेऊन पुन्हा सुनावणी घ्यायचं ठरलं. तुमचं कलम १७ चं कोड तपासायला यापेक्षा चांगली केस नाही. चार वर्षांचं लोन टाका आणि बघा गेम गोंधळतो का.

साइडबेंच

२०१४ चं लोनही घाला. आयएसएलचा पहिला हंगाम ऑक्टोबर ते डिसेंबर, आय-लीग जानेवारीपासून. धेंपोची पोरं तीन महिने एफसी गोवाकडे लोनवर, मग परत धेंपोत. एकाच वर्षात दोन ड्रेसिंग रूम, दोन कोच, पाय तेच. दुखापतीची शक्यता वाढवायला विसरू नका.

आणि वकीलसाहेब, गावच्या ज्या क्लबने पोराला बारा वर्षांचा असताना उचलला त्याला काय?

कलम_सतरा

आंतरराष्ट्रीय ट्रान्स्फरमध्ये फीच्या ५ टक्के रक्कम घडवणाऱ्या क्लबांत वाटली जाते. १२ ते १५ या वयातल्या प्रत्येक हंगामाला पाव टक्का, १६ ते २३ मध्ये अर्धा टक्का. म्हणजे २ कोटींना विकला गेला आणि गावच्या क्लबकडे पहिले चार हंगाम होता, तर क्लबला २ लाख. नोंदणीचे कागद असले तरच.

साइडबेंच

कागद! गावच्या क्लबचे कागद म्हणजे सेक्रेटरीच्या घरातली ट्रंक. गेममध्ये 'कागद सापडले नाहीत' अशी घटना ठेवा.

---

पेरोलवाली

फीचा विषय निघालाच आहे तर हिशेबाची एक गोष्ट. विकत घेतलेल्या खेळाडूची फी कराराच्या वर्षांत वाटून लिहितात. दीड कोटींना घेतला, ५ वर्षांचा करार, तर दर वर्षी ३० लाख खर्च. दोन वर्षांनी वहीत किंमत ९० लाख, एक कोटीला विकला तर कागदावर १० लाखांचा फायदा, जरी खिशातून ५० लाख गेलेले असले तरी. चेल्सीने याच कारणाने २०२३ च्या जानेवारीत युक्रेनच्या मुद्रिकला साडेआठ वर्षांचा करार दिला. इंग्लंडमध्ये पाचाहून जास्त वर्षं चालतात. त्यावर युएफाने (युरोपच्या फुटबॉल संघटनेने) आपल्या हिशेबात पाचच वर्षं धरायची ठरवलं, नंतर प्रीमियर लीगनेही. तुमच्याकडे मर्यादा पाचच आहे, त्यामुळे पळवाट नाही, पण क्लबच्या पानावर 'वहीतली किंमत' दाखवा. मॅनेजर त्या आकड्याला भुलून चुकीचे खेळाडू विकतील, बघायला मजा येईल.

तारवटी

हे मला झेपलं नाही, पण वाचलं. दोन दिवस नेट नसेल.

---

सत्तरीकर

नवं बिल्ड उतरवून बघितलं. तालुके घातल्याबद्दल देव बरें करूं. पत चांगली चालते. एकदा पगार चुकवला तर वाळपईचा माझा स्ट्रायकर तीन आठवड्यांत पोलीस भरतीला गेला.

एक बग. पावसाने सामने पुढे ढकलले, लीग जूनमध्ये घुसली. ३१ मेला रात्री तीन खेळाडूंचे करार संपले आणि शेवटचे दोन सामने आठ जणांच्या बाकावर काढावे लागले.

अर्धवेळ_कोडर

तो बग आहे की बरोबर आहे हेच ठरवता येत नाही.

कलम_सतरा

बरोबर आहे. २०२० च्या एप्रिलमध्ये कोविडमुळे हंगाम लांबले तेव्हा फिफाने करार हंगाम संपेपर्यंत वाढवावेत अशी शिफारस केली, सक्ती करता आली नाही. बोर्नमथच्या रायन फ्रेझरने ३० जूननंतर खेळायला नकार दिला, संघ उतरणीच्या झुंजीत असताना. आपल्याकडे २०२५ मध्ये आयएसएल वेळेवर सुरूच झाली नाही, तेव्हा तारखांचा हा पेच लांबचा समजू नका. पुढे ढकलण्याची घोषणा झाली की मॅनेजरला विचारा: प्रत्येकाशी थोडक्या मुदतीची वाढ बोलायची का. कोणी मान्य करेल, कोणी नाही. ज्याने पुढच्या क्लबशी आधीच करार केलाय तो पाय जपेल.

टेस्टर_नं_दोन

म्हणजे मी मे महिन्यातच सगळ्यांना दोन आठवड्यांची वाढ मोफत मागेन.

पेरोलवाली

मोफत कशी? त्या दोन आठवड्यांचा पगार कोणत्या तारखेला देणार ते आधी लिहून द्या.

अर्धवेळ_कोडर

घातलं. वाढ मागताना पगाराची तारीख भरल्याशिवाय बटण दाबलं जाणार नाही. पुढचं बिल्ड रविवारी टाकतो, सत्तरीकर, तुमची सेव्ह फाइल पाठवा.